दीक्षाभूमीच्या वाटेवर गॅसची टॉर्च

अशोक विजयादशमी आठ-दहा दिवसांवर आली की आपल्या वस्त्यांमधून एकच गडबड सुरू होते. कळमनुरी असो, सेनगाव असो, औंढा असो की वसमत, कोणत्याही भीमनगरात जा. गाडी ठरली का, माणशी किती बसले, कोणकोण येणार, हीच चर्चा. माता-भगिनी ज्वारीच्या भाकरी थापतात, ठेचा कुटतात, शेंगदाण्याची चटणी डब्यात भरतात. पांढरी वस्त्रे धुऊन ठेवली जातात. निळा झेंडा, पंचशील ध्वज, ताडपत्री, पाण्याची कॅन, सतरंजी, लहान लेकरांसाठी स्वेटर. ही यादी आपल्या आजोबांच्या काळापासून फारशी बदललेली नाही. अलीकडे मात्र तीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे आणि तिच्याबद्दल समाजबांधवांशी चार शब्द बोलावेत म्हणून हा लेख. ती वस्तू म्हणजे गॅसची टॉर्च.

टॉर्च म्हणजे बॅटरी नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात डासांच्या फवाऱ्यासारखा दिसणारा एक पत्र्याचा डबा मिळतो. त्यात दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम गॅस असतो. त्याच्या तोंडावर पितळी नळीचे एक डोके बसवायचे, चावी फिरवायची, खटका दाबायचा, की निळी, टोकदार, फुत्कारणारी ज्योत बाहेर पडते. फ्रीज दुरुस्त करणारा तांब्याची नळी जोडायला ती वापरतो, प्लंबर वापरतो, मोटारीचे वायरिंग करणारा वापरतो. पूर्वी याच कामाला पितळेचा, पंप मारायचा, रॉकेलवर चालणारा ब्लो लॅम्प असे. तो सांभाळणे म्हणजे एक कसरतच होती. रॉकेल मिळणे अवघड झाले आणि हा सुटसुटीत डबा आला. आपल्या वस्तीतली निम्मी तरुण पोरे गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, बांधकामावर आहेत. त्यांच्या पिशवीत ही टॉर्च आली नसती तरच नवल. सहलीला जाणारे हौशी लोक ती चूल पेटवायला नेतात. आपली पोरे नेतात ती गाडी अडली तर हाताशी असावी म्हणून.

आणि गाडी अडतेच. हिंगोलीहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या आसपास. कोणी पुसद-यवतमाळ-वर्ध्याकडून जातो, कोणी कनेरगाव नाक्यावरून वाशीम, कारंजा करीत समृद्धी महामार्गाला लागतो. आपल्याला परवडणारी गाडी ही बहुधा दहा-बारा वर्षे चाललेली जीप किंवा जुनी ट्रॅव्हल्स असते. दसऱ्याला मोठी गॅरेजे बंद असतात. मेकॅनिक मिळालाच तर सणाचे दुप्पट पैसे मागतो. अशा वेळी गाडीत आपलाच एक जाणता पोरगा आणि त्याची हत्यारांची पिशवी असली तर चाळीस माणसांचा दिवस वाचतो.

वाटेवर आपले आपण भागवण्याची ही सवय आपल्या समाजाला हौसेने लागलेली नाही. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे कोरेगावला निघाला, तेव्हा या मुलांची जात कळताच त्यांना बैलगाडीवाला मिळेना, आणि गाडी मिळाली तरी वाटेत पाणी मिळेना. सोबत जेवण होते, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरले नाही. पुढे १९३४ साली, बाबासाहेब बॅरिस्टर होऊन, गोलमेज परिषदेला जाऊन आलेले असताना, आपल्याच मराठवाड्यात दौलताबादच्या किल्ल्यावर काय घडले? तीसएक सहकाऱ्यांसह ते किल्ला पाहायला गेले, प्रवासाच्या धुळीने माखलेले हात-तोंड दारातल्या हौदावर धुतले, आणि हौद बाटवला म्हणून लोक अंगावर धावून आले. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला गेलेली आपली माणसे भाकरीचे गाठोडे बांधून गेली होती, ती केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हे. वाटेत कोण पाणी देईल, कोण ओट्यावर बसू देईल, याचा भरवसा नव्हता. पुढे गाठोड्यासोबत स्टोव्ह आला, स्टोव्हच्या जागी छोटा गॅस आला, आणि आता टॉर्च आली. म्हणून कोणी ‘हे कशाला ओझे वागवता?’ म्हणून नाक मुरडले की मला राग येतो. ज्यांना वाटेतल्या प्रत्येक घराचे दार उघडे होते त्यांनी हे विचारू नये.

पण ओझे वागवायचे म्हणजे ते काय आहे हे समजून वागवायचे. प्रश्न येतो तो इथे.

डब्यात नेमके काय असते?

आपण ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतो तो बहुतेक वेळा प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असतो. स्वयंपाकाच्या टाकीतही हेच दोघे. दाब देऊन त्यांचे पातळ पाणी करून डब्यात भरतात. डबा हलवला की आत डचमळते ते हेच. बाहेर सुटला की या पातळ पदार्थाचा वायू होतो आणि तो सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांनाच उकळतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही त्याची ज्योत जोरात राहते. ब्युटेन शून्य अंशाच्या जेमतेम खाली उकळतो. आपल्याकडे डिसेंबरातल्या पहाटे टॉर्च जरा वेळ पेटवली की डबा हाताला बर्फासारखा लागतो आणि ज्योत मंदावते, ती डब्यात ब्युटेनच जास्त असल्यामुळे. अशा वेळी डबा शेकोटीजवळ धरून गरम करणारे शहाणे मी पाहिले आहेत. तसे कदापि करू नये. टॉर्च बंद करून दहा मिनिटे ठेवली की काम होते.

दुसरी गोष्ट. हा वायू हवेपेक्षा जड आहे, दीडपट ते दुप्पट. गळती झाली तर तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो. गाडीत गळला तर सीटखाली, पायाशी, सतरंजीच्या घड्यांत साचून बसतो. त्याला स्वतःचा वास नसतो. घरगुती गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा. तो वास तुमच्या-माझ्या आधी घरातल्या बायकांना कळतो, कारण रोज त्यांचाच संबंध येतो. म्हणून गाडीत मागे बसलेली एखादी आजी ‘गॅसचा वास येऊ लागला रे माय’ म्हणाली, तर ‘काही नाही, डिझेलचा आहे’ म्हणून तिला गप्प करू नका. गाडी थांबवा.

हिशेब करणे हा माझा रोजचा धंदा, म्हणून एक हिशेब मांडतो. २२० ग्रॅमच्या डब्यातला सगळा ब्युटेन बाहेर आला तर त्याचा नव्वद लिटरच्या आसपास वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण शंभरात दोनच्याही थोडे खाली असले तरी ते मिश्रण ठिणगीने पेट घेते. म्हणजे नव्वद लिटर वायू साडेचार ते पाच हजार लिटर हवेला पेट घेण्याजोगे करू शकतो. काचा बंद असलेल्या जीपच्या आत साधारण तेवढीच हवा असते. डासांच्या फवाऱ्याएवढा तो डबा बारा माणसांच्या गाडीला पुरून उरतो, असा या आकड्यांचा अर्थ. पुढच्या सीटवर कोणी विडी शिलगावली की काय होईल हे सांगायला नको.

नट, टायर आणि एक नकार

टॉर्चने वाटेत काय साधते तेही पाहू, कारण नुसती भीती घालणे हा या लेखाचा हेतू नाही.

काही वर्षांपूर्वी पुसदच्या अलीकडे आमच्या गाडीचा सायलेन्सर एका बाजूने सुटून रस्त्याला घासू लागला. त्याला धरणारी पट्टी तुटली होती आणि तिचा नट गंजून बोल्टला चिकटला होता. पाना लावला तर नटाचे कोपरेच गोल होऊ लागले. आमच्यासोबतच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाने सगळ्यांना खाली उतरवले, रस्त्यापलीकडे लिंबाच्या झाडाखाली बसवले, इंजिन थंड होऊ दिले, आणि मग टॉर्च काढली. मिनिट-दीड मिनिट ज्योत फक्त नटावर फिरवली. पाना लावला, नट कुरकुरला आणि सुटला.

यात जादू काही नाही. लोखंड तापले की फुगते. बोटाएवढ्या जाडीच्या बोल्टावरचा नट तीनशे अंशांनी तापवला तर केसाच्या जाडीपेक्षाही कमी फुगतो. पण गंजाची पकड मोडायला तेवढे पुरते. आतला बोल्ट तापायच्या आत नट फिरवायचा, एवढेच कसब. याच ज्योतीने तुटलेल्या वायरला डाग देता येतो, कारण कथील आणि शिशाचे डागाचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. जोडावर प्लास्टिकची नळी आकसून बसवता येते, सुटलेल्या नायलॉनच्या दोरीचे टोक बंद करता येते, पावसाने ओली झालेली काटकी पेटवता येते. पण तुटलेली चासी किंवा पाटा या टॉर्चने जोडला जात नाही. लोखंड वितळायला पंधराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि मोकळ्या हवेत एवढ्या मोठ्या तुकड्यापुढे हाततल्या टॉर्चचे काही चालत नाही. ज्याने तसे करून दाखवतो म्हटले त्याच्या गाडीत बसू नये.

त्याच प्रवासात पुढे यवतमाळच्या रस्त्यावर चाक पंक्चर झाले. बदलायला गेलो तर चाकाचा एक नट हलेना. ड्रायव्हर म्हणाला, ‘आण ना ती टॉर्च, दे शेक.’ मुलाने साफ नकार दिला. ड्रायव्हर वयाने मोठा. चिडला. म्हणाला, ‘तू मला शिकवतो का?’ मुलगा म्हणाला, ‘मामा, शिकवत नाही. पण टायर लावलेल्या चाकाला मी आग लावणार नाही. तुम्ही म्हणाल तर मी इथूनच पायी नागपूरला जातो.’ शेवटी पान्याला लांब पाइप लावून दोघांनी जोर दिला आणि नट सुटला. अर्धा तास गेला, आणि तोवर गाडीतल्या निम्म्या लोकांनी त्या पोराला उद्धट ठरवून टाकले होते.

तो मुलगा बरोबर होता. हवा भरलेल्या टायरच्या रिंगला जोराची आच लागली की आतले रबर बाहेरून न दिसता तापून जळू लागते, त्याचा पेट घेणारा वायू टायरमध्येच कोंडतो, दाब वाढत जातो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. आच काढून घेतल्यावर काही मिनिटांनीही फुटतो. ट्रकच्या चाकाला वेल्डिंग करताना अशा स्फोटांत जगभर कामगार दगावले आहेत. शॉकॲब्सॉर्बर, डिझेलची टाकी आणि तिची नळी, ब्रेकच्या तेलाची नळी, बॅटरी, यांच्या जवळही ज्योत नेऊ नये. बॅटरीतून हायड्रोजन निघतो हे पुष्कळांना ठाऊक नसते.

समृद्धी महामार्गावर तर गाडी कडेला घेऊन दुरुस्ती करण्याचा विचारच करू नका. तिथे मागून येणारी वाहने ताशी शंभरच्या वेगाने येतात. माणसांना कठड्याच्या पलीकडे उभे करा आणि महामार्गाच्या मदत पथकाला बोलवा.

रेल्वेत नाही, म्हणजे नाहीच

६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारे आपले बांधव बहुतेक रेल्वेने जातात. नांदेड, आदिलाबादकडून जादा गाड्या सुटतात. हिंगोलीचे लोक पूर्णा किंवा परभणी गाठून त्या धरतात. डब्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत एखाद्याच्या पिशवीत टॉर्चचा डबा, एखादीच्या गाठोड्यात छोटी टाकी असतेच. ‘पेटवणार थोडीच आहे, मुंबईत उतरल्यावर चहापुरती’ असे उत्तर मिळते.

२६ ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. उत्तर प्रदेशातले यात्रेकरू लखनौहून एक स्वतंत्र डबा बुक करून दक्षिणेत यात्रेला गेले होते. त्यांनी सोबत गॅसची टाकी लपवून नेली होती. तमिळनाडूत मदुराई स्टेशनाच्या यार्डात डबा उभा असताना पहाटे चहा करायला गॅस पेटवला आणि डब्याने पेट घेतला. नऊ माणसे गेली. ती आपल्यासारखीच होती, घरचा चहा, घरचे जेवण बरे म्हणणारी. डबा उभा होता, दारे होती, तरी नऊ जण बाहेर पडू शकले नाहीत. आपल्या गाडीत तर दारापाशीच वीस माणसे बसलेली असतात.

१९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली असा धोकादायक माल डब्यात नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. भरलेला डबा असो की अर्धा संपलेला, ते एकच. एसटीतही ज्वालाग्राही वस्तू चालत नाही. विमानात तर ना हातातल्या पिशवीत, ना सामानात. कुशीनगर, बोधगया करणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे.

आणि खरे सांगायचे तर दोन्ही ठिकाणी गॅसची गरजच उरत नाही. दादरला शिवाजी पार्कवर महानगरपालिका मंडप, पाणी, स्वच्छतागृहे यांची सोय करते. नागपूरला तर कितीतरी संस्था आणि मंडळे येणाऱ्यांना जेवू घालतात. लाखोंच्या गर्दीत टाकी उघडून बसणे म्हणजे शेजारच्याच्या लेकरांचा जीव आपल्या चहापायी टांगणीला लावणे होय.

किलोवर मिळणारी टाकी

छोट्या डब्याचे पैसे जास्त पडतात ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि ती खोटी नाही. गॅसच्या वजनाच्या मानाने तो डबा फारच महाग. मग स्वस्तातला मार्ग म्हणून बाजारात मिळणारी बिनशिक्क्याची दोन-तीन किलोची टाकी घेतली जाते, आणि ती कुठल्यातरी दुकानाच्या मागच्या खोलीत, घरगुती टाकी उलटी टांगून, किलोच्या भावाने भरून घेतली जाते. ऊसतोडीला जाणारी आपली कुटुंबे कारखान्यावर कोपीत राहतात. सहा-सहा महिने घर सोडून राहणाऱ्याजवळ गॅस कनेक्शनचे कागद कुठून येणार? त्यांनी किलोवरचा गॅस घेतला तर दोष त्यांचा एकट्याचा नाही.

पण त्या टाकीत मरण कसे बसलेले असते ते पाहा. कारखान्यात टाकी भरताना वरची पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवतात, कारण पातळ गॅस उन्हाने फुगतो. मागच्या खोलीत भरणारा हे मोजत नाही. जास्त दिल्याचा आव आणून तो गळ्यापर्यंत भरतो. ती टाकी उन्हात उभ्या गाडीच्या टपावर बांधली, की आतल्या पातळ पदार्थाला फुगायला जागाच नसते. मग फाटते ते लोखंड. शिवाय असे भरणे बेकायदेशीर आहे. काही घडले तर विमा नाही, भरपाई नाही, उलट गुन्हा.

यावर एक उपाय निघाला आहे. २०१३ पासून तेल कंपन्यांनी पाच किलोची टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर द्यायला सुरुवात केली. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात तिला ‘छोटू’ हे नाव दिले. ती गॅस एजन्सीकडे आणि काही पेट्रोल पंपांवर मिळते. सुरुवातीला पैसे जास्त लागतात हे खरे. चार घरांनी मिळून, किंवा विहाराच्या मंडळाने एक घेऊन ठेवली तर गावच्या कार्यक्रमालाही उपयोगी पडेल. घेताना टाकीच्या कडीजवळ रंगवलेले अक्षर आणि आकडा बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ती मुदत उलटून गेली असेल तर टाकी घेऊ नका, दुसरी मागा. एवढे वाचायला सातवी पास मुलगीही पुरे.

टॉर्चचा पत्र्याचा डबा मात्र एकदाच वापरायचा असतो. त्यात पुन्हा गॅस भरून देतो म्हणणारे आता तालुक्याच्या ठिकाणीही निघाले आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

गाडीत ठेवायची कशी?

टॉर्चचे डोके आणि डबा प्रवासात नेहमी वेगळे ठेवावेत. डबा उभा, कापडात गुंडाळून, लोखंडी हत्यारांपासून दूर, आणि माणसे बसतात त्या भागात नव्हे. मागे बाहेरून उघडणारी हत्यारांची पेटी असेल तर उत्तम. काचेजवळ, टपावर, इंजिनशेजारी कधीही नाही. डब्यावर लिहिलेले असते की पन्नास अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये. आपल्याकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या दिवसांत सावलीतच पारा चाळिशीला टेकतो. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत पन्नासचा आकडा कधी ओलांडला जातो ते कळतही नाही. ऑक्टोबरचे ऊनही काही कमी नसते.

एका गाडीत टॉर्च एकाच्याच ताब्यात असावी, आणि तो दारू न पिणारा असावा. दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाडीत हे लिहावे लागते याचे मला वाईट वाटते, पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वडिलांची मुले परतीच्या प्रवासात काय करतात हे सगळ्यांना माहीत आहे. डोके बसवल्यावर साबणाचे पाणी जोडावर लावा, बुडबुडे आले तर पेटवू नका. काडीने किंवा लायटरने गळती शोधणारा महाभाग दिसला तर त्याला बाजूला करा. बोनेटला लिंबू-मिरची बांधणारे ड्रायव्हर अजून आहेत. ती सोडून त्या जागी वाळूची एक बादली आणि दोन गोणपाटे ठेवायला सांगा. आग लागलीच तर आधी चावी बंद, मग ओले गोणपाट.

थंडीच्या रात्री गाडीतच झोपायची वेळ आली तर ताडपत्री पाडून, काचा लावून आत शेगडी, गॅस, टॉर्च, कोळसे काहीही पेटते ठेवू नका. हवा कमी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस सकाळी उठत नाही. लेकरांना गारठा लागतो म्हणून मायेपोटी केलेली ही गोष्ट असते. त्यापेक्षा एक वाकळ जास्त न्या.

भाजलेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. सोबतच्या कॅनमधले पाणी त्यासाठी खुशाल संपवा, पण बर्फ नको. अंगठी, बांगड्या, करदोडा सूज येण्याआधी काढा. टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको. आणि हळद आपल्या जिल्ह्याचे सोन्यासारखे पीक, वसमतच्या बाजारात तिला मोठा मान. पण भाजलेल्या कातडीवर तीही नको. स्वच्छ धुतलेला कपडा सैल गुंडाळा आणि १०८ ला फोन करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. हे दोन आकडे गाडीत खडूने लिहून ठेवले तर ड्रायव्हर काही म्हणणार नाही.

आता त्या पोराबद्दल, म्हणजे टॉर्च बाळगणाऱ्याबद्दल. गाडीत त्याची जागा बहुधा शेवटच्या सीटवर, स्टेपनीशेजारी असते. वर्गणी त्याच्याकडूनही पूर्ण घेतली जाते. गाडी बिघडली की त्याला हाक, सुधारली की सगळे त्याला विसरतात. वस्तीत नोकरदाराला ‘साहेब’ आणि मेकॅनिकला ‘अरे’ म्हणण्याची वाईट खोड आपल्यालाही लागली आहे; मी स्वतः टेबलावर बसून काम करणारा माणूस आहे, म्हणून हे मी लिहिलेले बरे. त्याने आयटीआय केले असेल तर ठीक, नसेल आणि वय बसत असेल तर त्याचा फॉर्म भरायला विहारातल्या शिकलेल्या मंडळींनी मदत करावी. हिंगोलीला शासकीय आयटीआय आहे. पुढच्या वर्षी गाडी ठरवताना वर्गणीतून त्याची जागा वगळावी आणि निघण्यापूर्वी अर्धा तास, सगळे जमलेले असताना, त्याला टॉर्च, टाकी आणि टायर यांबद्दल बोलू द्यावे. बायकांनीही ऐकावे. प्रश्न त्याच जास्त विचारतील असा माझा अंदाज आहे.

राहिला रिकामा डबा. तो रिकामा वाटतो, पण आत थोडा गॅस उरलेलाच असतो. तो दीक्षाभूमीच्या आसपास, रस्त्याच्या कडेला किंवा जेवणाच्या पत्रावळींसोबत टाकू नका. त्या कचऱ्याला पुढे कोणीतरी आग लावते, आणि कचऱ्यातून पत्रा वेचायला येणारी लेकरे त्याच वेळी तिथे असतात. ती कोणाची लेकरे हे तुम्हाला माहीत आहे. डबा परत आणा, मोकळ्या जागी, जवळपास काहीही पेटते नसताना चावी उघडून उरलासुरला गॅस जाऊ द्या, आणि भंगारवाल्याच्या हातात देताना हा गॅसचा डबा आहे, याला ठोकू नको, एवढे सांगून द्या.